खार, रस्ता आणि दाणा : ताराबाई पार्क–नागाळा पार्क पट्ट्याच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

कोल्हापूर शहरात गाड्यांखाली मरणाऱ्या खारींची नोंद ठेवायची आणि ते मरण कमी करायचे, त्यासाठी पट्टा ठरवला. ताराबाई पार्कातून नागाळा पार्काकडे जाणारा, दोन्ही बाजूंना जुनी झाडे असलेला १.४ किलोमीटर रस्ता. बंगल्यांची मोठी आवारे, चिंच, वड, आंबा, पर्जन्यवृक्ष, मध्येमध्ये नवी अपार्टमेंट. विजेच्या खांबांना क्रमांक आहेत, तेच मोजपट्टी म्हणून वापरायचे. नोंद करताना "अमक्या दुकानासमोर" असे लिहायचे नाही, कारण दुकाने बदलतात. "खांब १४ पासून नागाळ्याकडे ९ मीटर, डावी कड" असे लिहायचे.

प्रत्येक मेलेल्या खारीमागे सहा गोष्टी टिपायच्या: वेळ, जागा, कडेपासून अंतर, डोक्यावर फांद्या जुळतात की मध्ये फट आहे आणि असल्यास ती किती मीटरची, ३० मीटरच्या आत खाण्याचे काय आहे आणि कोणत्या बाजूला, व फोटो. फोटोत मापासाठी दहा रुपयांचे नाणे ठेवायचे. नोंद झाली की जागेवर खडूने फुली मारायची, म्हणजे तीच खार संध्याकाळी पुन्हा मोजली जात नाही.

फेरी पायीच. मोटारसायकलवरून पाहणी करायची सूचना आली होती, ती करून पाहिली आणि सोडली. ताशी २० किलोमीटर वेगालाही, चाकाखाली येऊन चपटी झालेली शंभर ग्रॅमची खार डांबरावर सुकलेल्या पानासारखी दिसते आणि सुटून जाते.

१९ जानेवारी

फेरीची वेळ बदलली. आधी पहाटे साडेसहाला जात होतो आणि रस्ता जवळपास स्वच्छ मिळत होता. खार दिवसा वावरणारा प्राणी आहे, रात्री ती घरट्यात असते. त्यामुळे धडका बसतात सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चार ते सहा, म्हणजे खारींची धावपळ आणि शाळा-ऑफिसची गर्दी एकत्र येते तेव्हा. पहाटे दिसते ते फक्त आदल्या संध्याकाळचे उरलेले.

दुसरी चूक याहून मोठी होती. एका मेलेल्या खारीवर खूण करून तिच्यावर दर अर्ध्या तासाने नजर ठेवली. कावळे लगेच आले, नंतर कुत्रे, आणि दुपारच्या आत रस्त्यावर फक्त डाग राहिला. वर्दळीच्या भागात झाडूवाले त्याआधीच उचलतात. म्हणजे आपला आकडा कायम कमीच येणार. तो "इतक्या खारी मेल्या" असा वाचायचा नाही. "कुठे जास्त, कुठे कमी" एवढेच त्यातून घ्यायचे. या कामाला तेवढे पुरते.

आता फेऱ्या सकाळी सव्वादहाला आणि संध्याकाळी सहाला.

२ फेब्रुवारी

नोंदी कागदावर मांडल्यावर जागा विखुरलेल्या नाहीत हे लगेच दिसते. तीन गठ्ठे पडतात. त्यांना अ, ब, क म्हणू.

अ : खांब ६ ते ८. रस्त्याच्या डाव्या बाजूला बंगल्याच्या भिंतीवर रोज सकाळी ज्वारी आणि शेंगदाणे टाकले जातात. घरटी उजव्या बाजूच्या चिंचांवर. डोक्यावर फट.

ब : खांब १५ च्या आसपास. रस्त्यावरच पर्जन्यवृक्षाच्या शेंगा पडतात. डोक्यावर फांद्या जुळलेल्या, तरीही खारी मरतात.

क : खांब २१ ते २३. केबलसाठी फांद्या सरसकट छाटलेल्या, दोन्ही बाजूंच्या झाडांत आता ११-१२ मीटरची फट. एका बाजूला वड, दुसऱ्या बाजूला आंबा.

रस्त्याचे इतर भागही वर्दळीचे आहेत आणि तिथेही भरपूर खारी आहेत, पण दाणा आणि घरटे एकाच बाजूला असेल तर मरणाऱ्या खारी क्वचितच मिळतात. म्हणून यापुढे प्रत्येक जागेला पहिला प्रश्न हाच: अलीकडे काय आहे, पलीकडे काय आहे, आणि मधला रस्ता ओलांडायला वरून वाट आहे का?

खार गाडीखाली का येते, हेही इथेच लिहून ठेवतो, कारण "ती मूर्ख असते" असे सगळीकडे ऐकू येते. शिकरा किंवा मांजर मागे लागले की खार सरळ पळत नाही. ती दिशा बदलते, क्षणभर थिजते, पुन्हा उलटी फिरते. झडप घालणाऱ्याचा नेम चुकवायचा हा अगदी खात्रीचा डाव आहे. शिकरा खारीच्या मागे वळतो, गाडी वळत नाही. त्यामुळे अर्धा रस्ता ओलांडून गेलेली खार परत फिरते आणि चाकाखाली सापडते. आपल्या नोंदींत बऱ्याच खारी मध्यरेषेच्या पलीकडे गेल्यानंतर मेलेल्या आहेत, त्याचे कारण हेच.

९ फेब्रुवारी

ओळख पक्की करण्यासाठी. इथली नेहमीची खार तीन पट्ट्यांची: फ्युनॅम्ब्युलस पाल्मारम. पाठीवर तीन फिकट पट्टे. पाच पट्ट्यांची खार वेगळी, तिला दोन्ही कुशींवर एकेक जादा फिकट पट्टा असतो. घाटातल्या रानात, राधानगरी-आंबा घाट भागात, गडद रंगाची जंगली खार आढळते, तीही वेगळी जात. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्याचा या कामाशी संबंध नाही, पण फोन करणारे पुष्कळजण मोठ्या शेपटीची कोणतीही खार दिसली की शेकरू म्हणतात. नोंद करताना फोटो मागून घ्यायचा.

"खारी फार वाढल्या" ही रहिवाशांची तक्रार खरी आहे का? वाढायला वाव नक्कीच आहे. गर्भकाळ पाच-सहा आठवडे, एका वेताला दोन-तीन पिल्ले, दहा आठवड्यांत दूध सुटते, पुढच्या वर्षी ती स्वतः वितात. बारमाही दाणा, बारमाही पाणी, काथ्या-कापूस-चिंध्या हव्या तितक्या मिळाल्यावर पिल्ले जास्त जगतात. पण लोकांना दिसते ती संख्या आणि असलेली संख्या यांत फरक आहे. ज्वारी टाकलेल्या भिंतीवर आसपासच्या चार-पाच आवारांतल्या खारी एका वेळी जमतात आणि एकदम पंधरा-वीस दिसतात. त्याच खारी दिवसभर विखुरलेल्या असतील तर कोणी मोजतही नाही. आमचे मत असे की या पट्ट्यातला निम्मा प्रश्न वाढीचा आहे आणि निम्मा जमावाचा. जमाव मोडणे आपल्या हातात आहे, आणि वाढीलाही तोच दाणा कारण आहे.

१६ फेब्रुवारी

मेलेली खार उचलण्याची पद्धत ठरली. जाड रबरी हातमोजे, गवंड्याची छोटी थापी, दोन पॉलिथिन पिशव्या एकात एक, मूठभर चुना. आधी मागून कोणी येत नाही हे पाहणारा दुसरा माणूस हवाच, एकट्याने रस्त्यात वाकायचे नाही. उचलून दोन फूट खोल खड्डा, चुना, माती, वर दगड. खड्डा उथळ असेल तर कुत्रे रात्रीत उकरतात.

उचलण्याचे कारण केवळ स्वच्छता नाही. रस्त्यात पडलेल्या खारीवर कावळा, घार, मुंगूस येतात आणि त्यांतलेही चाकाखाली जातात. एका धडकेतून दुसरी तयार होते.

थंड पडत चाललेल्या अंगावरून पिसवा आणि गोचीड उतरून माणसावर चढतात, म्हणून उघड्या हाताने उचलायचे नाही आणि शेपटीला धरून मिरवायचेही नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ झाली ती गोचिडांमुळेच. कोल्हापूर शहरात घाबरायचे कारण नाही, पण सवय लावून घ्यायला हरकत नाही. जखमी खार चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची.

१ मार्च

जागा अ. दाणा हलवायला सुरुवात.

दाणा टाकणारे कुटुंब वयस्कर आहे आणि अनेक वर्षे हे प्रेमाने करते. त्यांना "बंद करा" म्हणणे चुकीचे झाले असते, आणि एकदम बंद करणे खारींसाठीही वाईट. ठरलेल्या जागी दाणा मिळाला नाही की पहिले काही दिवस त्या दूरवर शोधत फिरतात आणि रस्ता जास्त वेळा ओलांडतात. म्हणून पद्धत अशी ठेवली:

पहिले तीन दिवस जागा तीच, प्रमाण रोजच्या अर्धा किलोवरून तीनशे ग्रॅम. पुढे दर तीन दिवसांनी दाणा तीन-चार मीटर आत, आवाराच्या मागच्या बाजूला सरकवायचा. दोन आठवड्यांत तो रस्त्यापासून पंधरा मीटरच्या पुढे जातो. त्याच वेळी समोरच्या, म्हणजे घरट्यांच्या बाजूच्या आवारात शंभर ग्रॅमचा छोटा ठेवा सुरू करायचा, म्हणजे उजव्या बाजूच्या खारींना इकडे यायचे कारणच उरत नाही. नंतर दोन्हीकडचे प्रमाण हळूहळू मूठभरावर आणायचे.

ठेवायची जागा झाडाच्या बुंध्यालगत हवी, म्हणजे धोका दिसताच खार वर चढते. झुडपे दोन मीटरच्या आत नकोत, मांजर त्यांतच दबा धरते. सकाळी अकरानंतर उरलेले झाडून घ्यायचे. रात्री उरलेल्या दाण्यावर उंदीर-घुशी येतात आणि मग लोक विषाच्या वड्या ठेवतात. त्या वड्या खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकते.

काय द्यायचे: कच्चे, न खारवलेले शेंगदाणे थोडे, ज्वारी, फळांचे तुकडे. बिस्किटे, फरसाण, खारे दाणे नकोत.

१५ मार्च

जागा ब. डोक्यावर फांद्या जुळलेल्या असूनही खारी का मरतात, त्याचे उत्तर डांबरावरच पडलेले होते. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा आता पिकून गळतात. आतला गर चिकट आणि गोड. अख्खी शेंग कडक असते, ती फोडायला खारीला वेळ लागतो. पण गाडीचे चाक गेले की ती चिरडते, गर आणि बिया उघड्या पडतात. म्हणजे खारीसाठी सगळ्यात सोपे खाणे रस्त्याच्या मधोमध, चाकांच्या दोन ओळींत तयार होते. तिथे पूल बांधून काहीही उपयोग नाही. ती ओलांडायला आलेली नसते, जेवायला आलेली असते.

उपाय झाडूचा. मार्च ते मे, सकाळी सातच्या आत शेंगा कडेला ओढून पोत्यात भरायच्या. पोती वाया जात नाहीत, शेळ्या-म्हशींना हा खुराक आवडतो आणि वस्तीवरचे गुराखी आनंदाने नेतात. रविवारी झाडणारा येत नाही, त्या दिवसाची पाळी अपार्टमेंटच्या लोकांनी वाटून घेतली.

याच भागात उन्हाळी रसवंती लागली आहे. उसाचे चिपाड फुटपाथवर रचले जाते. मुंग्या, मधमाश्या आणि त्यांच्या आधी खारी. चालवणाऱ्या दादांशी बोललो. चिपाड झाकणाच्या पिंपात आणि पिंप रस्त्याकडे न ठेवता मागच्या भिंतीला. त्यांनी लगेच केले.

५ एप्रिल

घरांच्या तक्रारी. खार तार कुरतडते, कारण तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि झिजवावे लागतात. सोलर हीटरच्या पाइपवरचे फोमचे वेष्टण, ब्रॉडबँडची केबल, ठिबकची नळी, एसीच्या बाहेरच्या युनिटमधली वायर, हे सगळे तिच्या दातांना बरोबर बसते. वेष्टण तर ती घरट्यासाठीच नेते.

उपाय, जे टिकले ते:

भिंतीतून आत जाणारी वायर पीव्हीसी कंड्युइटमध्ये घालायची आणि तोंडाशी भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट. नुसता फोम भरला तर ती तो उपसते. एक्झॉस्ट फॅन आणि पोटमाळ्याच्या झरोक्यांना अर्धा इंची वेल्डमेश जाळी. प्लॅस्टिकची मच्छरजाळी एका दिवसात फाटते. पाऊण-एक इंचाच्या जाळीतून पिल्ले येतात-जातात. सोलर पाइपच्या फोमवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळायचा, सांधा खालच्या बाजूला, म्हणजे पाऊस आत जात नाही.

जाळी मारण्याआधी आत घरटे आहे का ते पाहायचेच. पिल्ले वर्षात कधीही असू शकतात. आई बाहेर आणि पिल्ले आत कोंडली तर पिल्ले मरतात, वास सुटतो आणि आई जाळीभोवती दात झिजवून जखमी होते. घरटे दिसले तर पिल्ले बाहेर हिंडू लागेपर्यंत थांबायचे. हे सांगताना लोक नाराज होतात, तरीही सांगायचे.

"पकडून पन्हाळ्याला किंवा राधानगरीला सोडा" ही मागणी दर आठवड्याला येते. करायचे नाही. रिकामी झालेली जागा शेजारच्या आवारातल्या खारी भरून काढतात, कारण दाणा तसाच आहे. नेलेली खार अनोळखी रानात, आधीच भरलेल्या हद्दीत जाऊन पडते. शिवाय वन्यप्राणी पकडणे हे वन विभागाचे काम आहे, हौशी पिंजऱ्याचे नाही. चिकट पट्ट्या तर कोणीच वापरू नयेत. त्यावर खार तासन्‌तास जिवंत अडकून राहते.

२० एप्रिल

पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली. फांद्यांबरोबर घरटी खाली येतात. छाटणाऱ्या मुकादमांशी आधी बोलून ठरले: दुबेळक्यातला गवत-काथ्याचा फुटबॉलएवढा गोळा दिसला तर ती फांदी शेवटी, आणि दोरीने हळू खाली.

पिल्लू खाली पडलेले मिळाले तर काय करायचे, हा कागद प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावला. आधी ऊब: पाण्याची कोमट बाटली कापडात गुंडाळून खोक्यात, पिल्लू तिच्या शेजारी. थंड पिल्लाला काहीही भरवायचे नाही, ते पचत नाही. गायीचे दूध नाही, जुलाब होऊन मरते. खोका त्याच झाडाच्या बुंध्याशी, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, झाकण उघडे. लोकांनी लांब व्हायचे. आई बहुधा दोन-तीन तासांत येऊन मानेला धरून एकेक नेते. अंधार पडेपर्यंत आली नाही, किंवा पिल्लू जखमी असेल, तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

उन्हाळ्यात लोकांनी फुटपाथवर पाण्याची भांडी ठेवली आहेत. चांगले आहे, पण भांडे कंपाउंडच्या आत सरकवायचे. दाण्याचा नियम पाण्यालाही लागू.

४ मे

जागा क. इथे दाणा हलवून भागत नाही. वडाची फळे एका बाजूला, आंबा दुसऱ्या बाजूला, दोन्ही निसर्गाचे. तोडलेली वाट परत जोडायची, म्हणजे दोरीचा पूल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावी १९६३ मध्ये एमॉस पीटर्स नावाच्या ठेकेदाराने खारींसाठी रस्त्यावर पूल बांधला, ॲल्युमिनियम आणि टाकून दिलेला अग्निशामक पाइप वापरून, लांबी साठ फूट. तिथेही कारण तेच होते: समोरच्या कार्यालयातली माणसे खारींना खाऊ ठेवत आणि खारी बागेतून रस्ता ओलांडून येत. आपल्याकडे तमिळनाडूत वाल्पराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावर असे पूल लावले आहेत.

आमचे माप: झाडापासून झाडापर्यंत १२ मीटर. १६ मिमी पॉलिस्टर दोराच्या दोन समांतर ओळी, मध्ये २० सेंटिमीटर अंतर, दर १५ सेंटिमीटरला ६ मिमी दोराचा आडवा धागा, शिडीसारखा. असे ८० आडवे. प्रत्येकाला गाठींसकट ६० सेंटिमीटर, म्हणजे ४८ मीटर बारीक दोर. जाड दोर दोन्ही टोकांना चार-चार मीटर जादा धरून ४० मीटर.

दोर निवडताना झालेली चर्चा: काथ्या खारीच्या नखांना उत्तम, पण कोल्हापूरच्या जूनमध्ये भिजून जड होतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण उन्हात ठिसूळ होऊन धूळ सोडते. नायलॉन भिजले की ताणते. पोलादी वायररोप सगळ्यात टिकाऊ, आणि इथे सगळ्यात धोक्याचा, कारण शेजारून विजेची लाइन जाते. धातू रस्त्यावरून आडवा न्यायचाच नाही. पॉलिस्टर महाग पडले, तरी तेच.

उंची: रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारांना जमिनीपासून किमान ५.८ मीटर लागतात. आम्ही सर्वांत खोल झोळाशी ७ मीटर धरले, कारण या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात नसल्या तरी गणपतीच्या मिरवणुका जातात. विजेच्या तारांपासून आडवे अंतर किती ठेवायचे हे महावितरणच्या अभियंत्याने जागेवर येऊन दाखवल्याशिवाय शिडी लावायची नाही. झाडाला काही बांधायचे तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार. दोन्ही अर्ज गेले.

ताण: खारीचे वजन शंभर ग्रॅम, ते धरायचेही कारण नाही. भार आहे दोराचा आणि वाऱ्याचा. ओला पूल मीटरला सुमारे ०.६ किलो. ताण = वजन प्रति मीटर × लांबीचा वर्ग ÷ (८ × झोळ). झोळ ६० सेंटिमीटर ठेवला तर ०.६ × १४४ ÷ ४.८ = १८ किलो. झोळ ३० केला तर ३६ किलो. "ताठ दिसावा" म्हणून ओढणारे नेहमी असतात, त्यांना हा आकडा दाखवायचा.

१७ मे

परवानग्या आल्या. क्रेनच्या पाळण्यातून, लाइन बंद करून, सकाळी साडेसहा ते नऊ पूल चढवला. झाडांना ५० मिमी रुंद पट्टे, ट्रकवर माल बांधायचे असतात तसे. पट्टा आणि साल यांच्यामध्ये लाकडाचे उभे गुटके आणि जुन्या ट्यूबचे तुकडे. खिळा एकही नाही.

सगळ्यात जास्त वेळ टोकांना लागला. पुलाचे टोक बुंध्यावर सोडून चालत नाही. खारींची नेहमीची फांदी कोणती, हे सालीवरच्या नखांच्या खुणा आणि घासून गुळगुळीत झालेला भाग पाहून ओळखले आणि शिडी तिथवर नेली. दोन्ही टोके आंबा आणि वड यांच्या जाड फांद्यांवर. जवळच्या पर्जन्यवृक्षाची फांदी सोयीची होती, पण वळवाच्या वाऱ्यात ती मोडते. गुलमोहराचेही तेच.

२३ मे

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि चूक कळली. दोन्ही टोके घट्ट बांधली होती. वाऱ्यात झाडे एकमेकांपासून दूर झुकली, दोर तारेसारखा ताठ झाला आणि वडाकडचा पट्टा तीन बोटे खाली सरकून सालीवर घासला. झोळ आहे म्हणजे सैलपणा आहे, असे आम्ही गृहीत धरले होते. ते खरे नाही. १२ मीटरला ६० सेंटिमीटर झोळ असला तरी जादा दोर फक्त ८ सेंटिमीटर असतो (८ × झोळाचा वर्ग ÷ (३ × लांबी)). दोन मोठी झाडे वाऱ्यात याहून सहज जास्त हलतात.

दुरुस्ती: आंब्याकडचे टोक पक्के, वडाकडचे टोक ७५ मिमी नायलॉन कप्पीवरून खाली आणि त्याला लोंबते वजन. वजन ११० मिमी पीव्हीसी पाइपमध्ये कोरडी वाळू भरून, लांबी १.३ मीटर, दोन्ही टोकांना टोपी, भरते बरोबर १८ किलो. झाड हलले की वजन वर-खाली होते, ताण तोच राहतो आणि झोळही. हे वजन माणसाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून ते बुंध्याला बांधलेल्या १६० मिमी पाइपच्या आत सरकते, खालच्या तोंडाला आडवा बोल्ट आणि पाणी निघायला फट. शिवाय वजनाला वेगळा सुरक्षा दोर. दोन ओळी पिळू नयेत म्हणून कप्पीच्या आधी २० सेंटिमीटर बांबूचा आडवा दांडा.

८ जून

मान्सून पोचला. पुलाच्या दोन्ही टोकांना, झाडावरच, आठवडाभर चार-चार शेंगदाणे ठेवले होते. पुलावर मध्ये ठेवायचे नाहीत, खार तिथे बसून खाते आणि शिकऱ्याला आयती मिळते. झाडावर लावलेल्या, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या ट्रेल कॅमेऱ्यात पहिले तीन-चार दिवस खारी टोकाशी येऊन दोर हुंगून परत जाताना दिसतात. नंतर एक जण अर्ध्यावर जाऊन परतते. पुढच्या फोटोंत सलग ओलांडणे आहे, सकाळी जास्त. शेंगदाणे आता बंद.

उघड्यावर शिकऱ्याची भीती राहते, म्हणून शिडीच्या वर २५ सेंटिमीटरवर तिसरा एक बारीक दोर ओढला. वरून झडप सरळ बसत नाही.

२० जुलै

संततधार. दोर शेवाळला आहे पण घट्ट. कप्पीत वडाची पाने आणि बारीक मुळे अडकून ती जाम झाली होती, वजन लटकलेलेच राहिले. वर पत्र्याची टोपी बसवली. दर पंधरवड्याला दुर्बिणीने कप्पी पाहायची आणि वजन हाताने चार बोटे उचलून सोडायचे, सहज खाली आले पाहिजे.

आंब्याकडचा पट्टा एक घर सैल केला. झाड वाढते, पट्टा वाढत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा.

२२ ऑगस्ट

जागा अ वर गेले दोन महिने नोंद जवळपास नाही. मध्ये एक आठवडा पुन्हा दोन मिळाल्या. चौकशी केल्यावर कळले की पाहुण्या मुलांनी परत पुढच्या भिंतीवर दाणा टाकायला सुरुवात केली होती. भिंतीवर आता दाणा ठेवायला जागाच राहू नये म्हणून तिरका सिमेंटचा कंगोरा ओतला. सांगण्यापेक्षा हा उपाय बरा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना पुलाची उंची कळवली. मूर्तीच्या ट्रॉलीसह ६.५ मीटरच्या वर जाणारे एकच मंडळ आहे, ते दुसऱ्या रस्त्याने जाणार. ध्वजकाठ्या आडव्या करायच्या, हे ध्वनिक्षेपकावरून सांगणारा माणूस पुलाखाली उभा राहील.

११ ऑक्टोबर

वाहनांचे काम. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे १० मीटर: एकूण २१. ताशी ३० ला हेच १४ मीटरवर येते. ओल्या रस्त्यावर ४० चा आकडा २६ च्या पुढे जातो. खारीसाठी ४० आणि ३० मधला तो सात मीटरचा फरक पुरतो, कारण तिला परत फिरायला तेवढाच वेळ लागतो.

दुचाकीवाल्यांना सांगायचे ते स्पष्ट: खार आडवी आली तर हँडल वळवायचे नाही. ती कुठे वळेल हे तिलाही ठरलेले नसते, आणि वळवणारा घसरतो. सरळ रेषेत वेग कमी करायचा, मागे आरशात पाहून. माणूस पडता कामा नये, हे या प्रकल्पात पहिले.

गतिरोधक लोक स्वतःच सिमेंटचा ओततात, तसे करू दिले नाही. अंधारात त्यावर दुचाकी उडते. महापालिकेकडे अर्ज दिला आहे तो इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, पांढरे पट्टे, आधी फलक. जागा ब च्या दोन्ही बाजूंना एकेक. मार्चच्या आधी, म्हणजे शेंगा जोरात गळायला लागण्याआधी, झाला तर उपयोग.

पुढची यादी: वडाकडचा पट्टा तपासणे, कॅमेऱ्याची बॅटरी, रसवंतीच्या दादांना डिसेंबरात पिंपाची आठवण, आणि खांब ३० जवळ नव्या अपार्टमेंटसाठी चिंचेची जी फांदी उतरवणार आहेत, तिच्यामुळे तिथे किती मीटरची फट पडेल ते आधीच मोजून वृक्ष अधिकाऱ्यांना देणे.